टोपी दाबायचा झारा

जावईबापूंचा व्हिडिओ आला तेव्हा मी पोहे खात होतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या मोठ्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून ते काहीतरी खाली ढकलत होते आणि मागून लेकीचं हसणं ऐकू येत होतं. हात बाहेर आला तो वांग्याच्या रंगाचा. खाली एवढंच लिहिलेलं: "बाबा, तुम्ही जन्मभर टूलरूममध्ये होतात ना? मग यावर काहीतरी करून द्या."

दोघं कॅलिफोर्नियात लोडायला राहतात. गाव द्राक्षांचं, त्यातही झिनफँडेलचं. तिथे घरी वाइन करायला कायद्याची मुभा आहे. एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असले तर 200, पण विकायची नाही. 200 गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर होतात. आमच्या जावयांची मजल दोन पिंपांपुढे जात नाही, पण दोन पिंपांतही टोपी यायची ती येतेच.

टोपी म्हणजे काय, हे मला त्यांनी फोनवर समजावलं. लाल वाइनचा रस सालांसकट आंबवतात, कारण बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर आतून बिनरंगीच असतो आणि सगळा रंग सालात असतो. यीस्ट साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्याचे बुडबुडे सालांना चिकटून त्यांना वर आणतात. एका दिवसात वर सालांचा जाड थर बसतो आणि रस खाली राहतो. इंग्रजीत त्याला 'कॅप' म्हणतात, फ्रेंचमध्येही टोपीच. ही टोपी दिवसातून दोनतीनदा दाबून रसात बुडवायची. नाहीतर सालांतला रंग आणि तुरटपणा रसात उतरत नाही, टोपी आतून तापते आणि वरून कोरडी पडते, आणि कोरड्या सालावर हवा मिळाली की आंबट करणारे जिवाणू मुक्काम ठोकतात. फ्रान्समध्ये बरगंडीकडे या कामाला 'पिजाज' म्हणतात आणि पूर्वी माणसं सरळ पिंपात उतरून पायांनी करायची.

"मग तुम्ही पण उतरा," मी म्हटलं.

"बाबा, पिंप कमरेएवढं आहे. आणि तुमची मुलगी उतरू देत नाही."

नोकरीत, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं करायच्या खात्यात, असताना मी नेहमी सांगायचो की काम बघितल्याशिवाय हत्यार करायचं नाही. तिथे जाऊन बघणं होणार नव्हतं, तेव्हा टोपी इंदुरातच आणायची ठरवली. मध्य प्रदेशात दारू करायला अबकारीचा परवाना लागतो आणि या वयात मला त्या खात्याशी ओळख वाढवायची नव्हती. म्हणून बेत केला सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा. आमच्या घरी जांभळाचा सिरका आईच्या वेळेपासून होतो. द्राक्षाचा करायचा तर आधी रस सालांसकट आंबवायचा आणि मग त्यात जुन्या सिरक्याची 'आई', म्हणजे ती बुळबुळीत साय, टाकायची. मधल्या आठदहा दिवसांत टोपी येणारच. मला तिच्याशीच काम होतं.

फेब्रुवारीत चोइथराम मंडीत नाशिककडची काळी द्राक्षं येऊ लागली. बिनबियांची दोन क्रेट आणली, तीस किलो. बायकोने देठं काढता काढता तीनदा विचारलं, "अहो, जांभळाचा सिरका काय वाईट होता?" द्राक्षं हातांनी चुरली. साखर मोजायला माझ्याकडे टूलरूममधला रिफ्रॅक्टोमीटर होताच. आम्ही तो मशीनच्या कूलंटचं प्रमाण बघायला वापरायचो आणि त्यावर आकडे ब्रिक्सचेच, म्हणजे रसातल्या साखरेच्या टक्क्यांचेच असतात. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तो मला भेट दिला तेव्हा पुढे त्यात द्राक्षाचा रस घालीन असं वाटलं नव्हतं. आकडा आला 19. जावयांना सांगितला तर म्हणाले, "खायच्या द्राक्षांचा एवढाच येणार. आमची बावीस ते पंचवीसला तोडतात."

पिंप होतं साठ लिटरचं, फूड ग्रेड, तोंड 38 सेंटिमीटर. त्यात सालांसकट रस झाला सत्तावीस लिटर. अर्धं पिंप मोकळं राहिलं म्हणून मी जरा खट्टू झालो होतो. चौथ्या दिवशी त्याच मोकळ्या जागेने माझी लाज राखली. यीस्टची पाच ग्रॅमची पुडी लेकीने दिवाळीला आली तेव्हाच आणून ठेवली होती. तेवीस लिटरला ती पुरते असं तिच्यावर लिहिलेलं असतं आणि सालं वजा केली तर माझा रस तेवढाच होता.

पिंप ठेवलं मागच्या खोलीत, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून. याचं कारण साधा हिशेब आहे. बावीस लिटर रसात सव्वाचार किलोच्या आसपास साखर, तिचा जवळजवळ निम्मा भाग वायू होऊन उडणार, म्हणजे दोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड. आकारमानात तो अकराशे लिटरहून जास्त होतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. तिसऱ्या दिवशी पेटती काडी पिंपाच्या तोंडात धरली तर रसापासून वीतभर वरच विझली. बंद न्हाणीघरात किंवा तळघरात कुणी हा उद्योग करू नये, आणि पिंपात वाकून वास घेण्याची हौस तर मुळीच करू नये. मी एकदा घेतला. नाकात सोडावॉटर गेल्यासारखं झालं आणि दोन पावलं मागे आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापड काढलं तर टोपी आली होती. बोटाने दाबून पाहिली. मला वाटलं होतं दुधावरच्या सायीसारखी पातळ असेल. ही चार बोटं जाड, घट्ट शिजलेल्या पुरणासारखी. वरून जेमतेम ओलसर आणि आत कोमट.

घरात जे होतं त्यापासून सुरुवात केली. पहिली काढली आईची रवी. ती हातात बघून बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "ती रवी त्यात घातलीत तर पुन्हा ताकाला लावणार नाही मी." तिचं कारण वेगळं होतं, पण बरोबर तीच निघाली. लाकूड सच्छिद्र असतं आणि त्या रवीत दोन पिढ्यांचं ताक मुरलेलं. ताकातले जिवाणू पिंपात कशाला सोडायचे? जुन्या वायनऱ्यांत लाकडाची दांडकी वापरत आले आहेत हे खरं, पण ती त्याच कामासाठी ठेवलेली असतात. जावयांच्या शेजाऱ्याकडेही मेपलच्या लाकडाचं एक आहे. शिवाय रवीचा स्वभाव घुसळण्याचा. टोपीला दाबायचं असतं, फिरवायचं नसतं. रवी जिथली होती तिथे परत गेली.

मग पावभाजीचा मॅशर, हलवायांकडे असतो तसला मोठा, भोकांच्या चपट्या तबकडीचा. तबकडी तीन इंच. दाबला की टोपीत भोक पाडून सरळ खाली जायचा आणि आजूबाजूची टोपी जशीच्या तशी. चिखलात काठी खुपसावी तसं. तबकडी लहान असली की सगळा जोर एका जागी येतो आणि टोपी बाजूला सरून वाट देते. अख्खी टोपी बुडवायला पन्नास ठिकाणी भोसकावं लागलं. दांडा आखूड असल्याने मनगट रसात, आणि मॅशरने दाबायचं सोडून चुरडायचंच काम जास्त केलं. सालं चुरडली की लगदा होतो आणि तो पुढे गाळताना फडक्याची भोकं बुजवतो. माझ्या द्राक्षांत बिया नव्हत्या म्हणून बरं. फोनवर जावई म्हणाले, "आमच्या द्राक्षात बिया असतात बाबा. त्या चिरडल्या की कडू तुरटपणा उतरतो, तो मग निघत नाही."

म्हणजे हे हत्यार चुरडणारं नको, चेपणारं हवं. एवढं डोक्यात बसलं आणि मी नेमकी उलट्या टोकाची चूक केली.

तिसऱ्या दिवशी भंगारात पडलेली आठ इंची स्टीलची चकती काढली, मध्ये सळई वेल्ड करून घेतली आणि चौथ्या दिवशी सकाळी ऐटीत पिंपासमोर उभा राहिलो. पृष्ठभाग भरपूर, एका दाबात टोपीचा मोठा घास. दाबलं. आधी काहीच हललं नाही. मग थोडं अंग टाकलं तशी चकती एकदम आत गेली आणि तिच्या कडेने रस चहूकडून वर उसळला. सदरा, भिंत, खिडकीचे गज, वाळत घातलेला टॉवेल, सगळं जांभळं. रंगपंचमीला अजून महिना होता, आमची गेर, म्हणजे इंदूरची रंगाची मिरवणूक, त्याआधीच मागच्या खोलीतून निघाली. आणि मी गडबडीत चकती वर ओढायला गेलो तर ती येईना. खालून रसाने धरून ठेवलेली. जोर लावला तशी ती भप्पकन सुटली आणि मागोमाग फेस वर चढायला लागला.

हा फेस मला कुणी सांगितला नव्हता. रसात वायू विरघळून बसलेला असतो, जोराने हलवलं की सगळा एकदम सुटतो, सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा. पिंपाच्या काठाखाली चार बोटांवर येऊन फेस थांबला. अर्ध्या रिकाम्या पिंपाचं मोल तेव्हा कळलं. तेव्हापासून पिंप दोन तृतीयांशाच्या वर भरायचं नाही आणि पहिला दाब हळू द्यायचा, हे मी खडूने भिंतीवरच लिहून ठेवलं. भिंत रंगवायची होतीच आता.

त्या दुपारी टॉवेल भिजत घालताना कोडं उलगडलं. चकती खाली जाते तेव्हा तिच्याखालच्या रसाला वर यायला वाट हवी. वाट नसली तर तो कडेने कारंजं होऊन येतो. टोपी दाबायच्या हत्याराला सालं खाली न्यायची असतात आणि रस वर येऊ द्यायचा असतो, दोन्ही एकाच दाबात. म्हणजे भोकं हवीत. आणि भोकांची चकती, लांब दांडा, हे तर इंदुरात दर दुसऱ्या दुकानाबाहेर कढईवर ठोकताना दिसतं. झारा!

बर्तन बाजारात गेलो. दुकानदाराने झारे मांडले: पुरीचे, जलेबीचे, बुंदीचे. मी बुंदीचा मोठ्यात मोठा उचलला आणि विचारलं, दांडा सरळ खाली, चकतीला काटकोनात वळवला तर तुटेल का? तो माझ्याकडे बघत राहिला. "भिया, बुंदी ऐसे नहीं छँटती." मी म्हटलं, बुंदी नाही, सिरका. "तो झारा काहे को खराब कर रहे हो?" शेवटी घेतला. पोलोग्राउंडला एक ओळखीचा वेल्डर आहे, त्याने दांडा कापून चकतीच्या मधोमध उभा लावून दिला.

पाचव्या दिवशी सकाळी पहिले पाचसहा दाब सुंदर गेले. कारंजं नाही, ओढताना धरणं नाही. मग हळूहळू जड होत गेला आणि दहाव्या दाबाला पुन्हा कारंजं. उचलून पाहिलं तर बुंदीच्या प्रत्येक भोकात द्राक्षाचं साल बूच होऊन बसलेलं. झाऱ्याची परत चकती झाली होती. तरी उरलेले दिवस त्याच झाऱ्याने काढले, दर पाच दाबांनी बादलीत झटकून. सातव्या दिवसापासून टोपी मऊ पडत गेली. आठव्याला वायूचा जोर ओसरला तशी ती रसात बसायला लागली. नवव्या दिवशी पंचात गाळून पिळून घेतलं आणि सिरक्याची आई सोडली. त्या घाण्याचं पुढे काही सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या घाण्याआधी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बायको म्हणाली, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा इतके शांत बसलाय.

भोक किती? साल अडकू नये इतकं मोठं आणि टोपी सरळ आरपार निघून जाऊ नये इतकं लहान. जाड पुठ्ठ्यात 12, 18, 22 आणि 30 मिलिमीटरची भोकं पाडून मंडीतून आणलेल्या किलोभर चुरलेल्या द्राक्षांवर दाबून पाहिली. पुठ्ठा दोन मिनिटांत भिजायचा, पण तेवढ्यात कळायचं. 12 ला सालं अडकतात. 30 ला सालं वर येतात आणि पुठ्ठा रिकामाच खाली जातो. 18 चालेल, 22 जास्त बरं. चकतीचा व्यास 160 धरला, पिंपाच्या तोंडाच्या निम्म्याहून कमी, म्हणजे बाजूने टोपीला सरकायला जागा राहते. भोकांची मांडणी मधमाशीच्या पोळ्यासारखी: मधे एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा. एकोणीस भोकं, मध्यापासून मध्य 32 मिलिमीटर. मधल्या भोकावर दांडा बसणार म्हणून ते बुजवलं, राहिली अठरा. एक तृतीयांश चकती मोकळी.

मग पोलाद. 202 आणि 304 या स्टेनलेसच्या दोन जाती, 304 वरची. सियागंजात पत्रा मागितला की आधी 202 हातात येतो आणि तोंडाने मात्र '304 ही है भिया' ऐकायला मिळतं. लोक लोहचुंबक लावून बघतात. त्याने फक्त चुंबकाला चिकटणारं पोलाद कळतं. 202 आणि 304 दोन्ही साधारण चिकटत नाहीत, तेव्हा या दोघांतली फसवणूक चुंबकाला पकडता येत नाही. त्यासाठी नऊ व्होल्टची बॅटरी आणि एका द्रावणाचा थेंब अशी चाचणी असते. 202 मध्ये मँगनीज जास्त असतं, थेंब लालसर होतो. माझ्या खिशात ती बाटली जुन्या सवयीने असतेच. पहिल्या दोन दुकानांत थेंब लाल झाला. तिसऱ्यात दुकानदारानेच बाटली बघून आतून दुसरा तुकडा आणला. एवढी कटकट कशाला, असं वेल्डर म्हणाला. द्राक्षरस आंबट असतो, त्यात आंबवणाऱ्या लोकांची सल्फाइटची धुलाई. साधं लोखंड, जस्ताचा मुलामा, ॲल्युमिनियम, तांबं-पितळ, यांतलं काहीही त्यात विरघळत राहतं आणि चव-रंग बिघडवतं. 202 लगेच विरघळणार नाही, पण डाग धरेल, आणि हे हत्यार सात समुद्रापलीकडे जायचं होतं. तिथून तक्रार आली असती तर ती जन्मभर ऐकावी लागली असती.

चकती तीन मिलिमीटर जाडीची. भोकं ड्रिलवर मीच पाडली, मित्राच्या सांवेर रोडच्या शेडमध्ये, रविवारी. भोकाची धार दोन्ही बाजूंनी मोडली, कारण धारदार कडेवर साल कापलं जातं आणि पुन्हा लगद्याचीच गोष्ट. मग वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने चकतीला किंचित पोट आणलं, खालच्या बाजूला. सपाट चकतीखाली वायूचा बुडबुडा अडकतो, पोटाच्या चकतीखालून तो घसरून निघून जातो. हे कुठे वाचलेलं नव्हतं. आमच्याकडे जुन्या कढया घासताना पाण्याखाली त्या पालथ्या धरल्या की हवा धरून ठेवतात आणि उताण्या धरल्या की नाही, एवढंच निरीक्षण.

दांडा मी पाउण इंची पाइपचा ठरवला होता, हलका म्हणून. दोन्ही टोकं आर्गन वेल्डिंगने बंद करायला सांगितली. आणि सांगितलं, शेवटचं टोक बंद करण्याआधी वर एक बारीक भोक ठेव, थंड झाल्यावर ते भर. बंद पाइपातली हवा तापली की फुगते आणि वेल्डचा शेवटचा थेंब आतून फुंकून बाहेर टाकते, तिथे सुईच्या अग्राएवढं छिद्र राहतं. वेल्डर 'हौ हौ' म्हणाला. त्याच्याकडे गर्दी होती. मी चहा प्यायला गेलो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुसरा घाणा लावला. पहिल्या दाबातच कळलं की हत्यार जमलंय. दाबलं की भोकांतून रस वर येऊन टोपीवर पसरतो आणि साल खाली जाताना मऊ फसफस आवाज होतो. कारंजं नाही. उचलताना हात हलका. सबंध पिंप बारा ते पंधरा दाबांत, कडेपासून सुरू करून मध्याकडे. थर्मामीटर खुपसून पाहिला: टोपीच्या पोटात 33, खाली रसात 27. दाबून झाल्यावर दहा मिनिटांनी दोन्हीकडे 29. मी दिवसातून तीनदा दाबत होतो, सकाळी पोह्यांआधी, दुपारी आणि झोपताना. झोपतानाचं सगळ्यात आवडतं. घर शांत झालेलं असतं आणि टोपी बुडाली की पिंप पाच मिनिटं कुजबुजत राहतं.

तिसऱ्या दिवशी दांडा धुऊन उभा करून ठेवला होता. रात्री बायकोने फरशीवर जांभळा थेंब दाखवला. पुसला. अर्ध्या तासाने परत थेंब. दांडा हलवला तर आतून डबडब आवाज. सुईच्या अग्राएवढं ते छिद्र शेवटी राहिलंच होतं. पाइप रस प्यायला होता, आणि तो रस आत दोन दिवस बसून सिरक्याच्या वाटेला लागला होता. नाकाला लावला तर स्वच्छ आंबट वास. म्हणजे मी दिवसातून तीनदा टोपी दाबत होतो आणि दर वेळी तिच्यात सिरक्याचं बी पेरत होतो. माझा घाणा सिरक्यालाच जायचा होता, नुकसान शून्य. पण हाच दांडा लोडायच्या पिंपात गेला असता तर जावयांची वर्षाची वाइन लोणच्याला घालायला पाठवावी लागली असती.

वेल्डरवर मी चिडलो नाही. चूक माझी, चहाची. टूलरूममध्ये मी पोरांना दुसऱ्याच्या भरवशावर शेवटचा टाका सोडून गेल्याबद्दल झापत आलो होतो.

पाइप टाकून दिला आणि 12 मिलिमीटरची भरीव सळई घेतली. पोकळीच नाही, तर भीती कसली? एक मीटर दहाची सळई जवळजवळ किलोभर भरते. पण ते वजन दाबताना उपयोगी पडतं, हाताला फक्त दिशा द्यावी लागते. सुटकेसमध्ये मावावी म्हणून दोन तुकड्यांत केली, आट्यांनी जोडायची. आट्यांतही रस शिरतो, म्हणून जोड चकतीपासून साठ सेंटिमीटर वर ठेवला, रस तिथवर पोचत नाही. वर आडवी मूठ, दोन्ही हातांनी धरायला. चकती-सळईचा वेल्ड सगळीकडून भरून, घासून, बोट फिरवलं तर कुठे खाच लागू नये असा केला. खाच म्हणजे जिवाणूंना भाड्याने दिलेली खोली. वेल्डभोवतीचा निळा-तपकिरी डाग तसाच ठेवला तर पुढे तिथूनच गंज येतो. तो घालवायची पेस्ट जहाल आम्लांची असते, ती शेडवरच मोजे-चष्मा घालून लावून घेतली. नंतर घरी किराण्यातल्या लिंबाच्या सत्त्वाचं कोमट पाणी करून तासभर बुडवून ठेवलं. ही दुसरी पायरी बायकोला पटली. पहिलीबद्दल तिला सांगितलं नाही.

धुण्याचीही एक पद्धत लागली. काम झालं की लगेच साध्या पाण्याने, साल वाळायच्या आत. आणि पुढच्या वेळी घालण्याआधी केएमएसच्या, म्हणजे त्याच सल्फाइटच्या, पातळ पाण्यातून काढायचं, स्क्वॅशमध्ये टिकायला घालतात तेच. त्याची वाफ छातीत जाते, उघड्यावर करायचं. हत्यार पिंपातच उभं सोडून यायचं नाही. मी एकदा सोडलं तर संध्याकाळपर्यंत दांड्यावर चिलटांची रांग लागली होती, आणि चिलटं रिकाम्या पायांनी येत नाहीत, आंबट करणारे जिवाणू घेऊन येतात. पिंपाच्या तोंडाला जुन्या मलमलीच्या ओढणीचं फडकं बांधलं तेव्हा ती गेली. शेजारच्या वहिनींनी मात्र वास घेऊन भिंतीपलीकडून विचारलंच, "काका, मोहाची काढताय की काय?" त्यांना पुढे एक बाटली सिरका द्यावा लागला.

जूनमध्ये लेक आली तेव्हा ते हत्यार तिच्याबरोबर गेलं. विमानतळावर एक्सरेत चकती बघून बॅग उघडायला लावली. हे काय, असं विचारल्यावर तिने 'बुंदी का झारा' सांगितलं. समोरचा म्हणाला, "इत्ते बड़े छेद की बुंदी?" पण जाऊ दिलं.

सप्टेंबरात परत व्हिडिओ आला. झिनफँडेल, दोन पिंपं, जावयांचे हात कोरडे. झारा टोपीत जातोय, भोकांतून गडद रस वर येतोय. मी फोन डोळ्यांजवळ नेऊन आवाज ऐकला, तोच फसफस. मग जावई कॅमेऱ्याकडे वळले. "बाबा, एक नंबर. फक्त एक आहे, बिया आता तळाशी बसतात. तळाला घासलं जाऊ नये म्हणून मी दांड्यावर टेप लावून खूण केलीये, तिथपर्यंतच नेतो."

टेप! मी लगेच फोन केला आणि ती काढायला सांगितली. चिकट टेपखाली काय काय वाढेल. खूण सळईवरच करायला हवी होती, लेथवर एक उथळ रेघ, गोल कडांची. माझ्या लक्षात आली नाही, कारण माझ्या द्राक्षांना बियाच नव्हत्या.

"मग दुसरा पाठवा रेघवाला," ते म्हणाले. "हा शेजाऱ्याला देतो, तो मागतोच आहे. आणि बाबा, दांडा एक वीत लांब."

काल सियागंजात सळई पाहून आलो. बाटली खिशात होती, दुकानदाराने बघितल्याबरोबर आतलीच काढून दिली.